नळदुर्गहून लुधियानाच्या मित्रास

नळदुर्ग,
१६ ऑगस्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू मागच्या पत्रात विचारले होतेस की, स्वातंत्र्यदिनाची सुट्टी असताना मी धार लावण्याचे दुकान उघडे का ठेवतो आणि हुतात्म्यांना मान द्यायचा असेल तर तो दुकान बंद ठेवून देता येत नाही का. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्याजोगे नाही, म्हणून कालचा दिवस उलटताच लिहायला बसलो आहे.

आमचा नेम साधा आहे. शाळेतले ध्वजारोहण होईपर्यंत मोटर चालू करायची नाही. तेथून परतल्यावर दाराबाहेरच्या काळ्या फळ्यावर हुतात्म्यांची नावे लिहायची. नावापुढे पलटण, ठिकाण आणि तारीख, याहून अधिक काही नाही. मग काम सुरू करायचे. माजी सैनिक, वीरमाता, वीरपिता आणि वीरपत्नी यांच्याकडून त्या दिवशी मजुरी घ्यायची नाही, आणि इतरांकडून जी येईल ती गल्ल्यात न टाकता वेगळ्या डब्यात ठेवून ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निधीला द्यायची. तिरंग्याचे चित्र काढून खाली ‘आज सवलत’ असे लिहिण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. तो मी मानला नाही आणि मानणारही नाही, कारण मेलेल्या माणसाच्या नावावर गिऱ्हाईक ओढणे मला अभद्र वाटते.

फळ्यावर सर्वांत वरचे नाव दर वर्षी हवालदार बचित्तरसिंग यांचे असते. आपण शाळेत असताना ते नाव आपल्याला कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते. ते तुझ्या सध्याच्या लुधियाना जिल्ह्यातल्या लोपो गावचे, शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीतले. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत झेंडा फडकला तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि इथे तिरंगा लावणे हा गुन्हा होता, हे तू जाणतोसच. पुढे १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरले, आणि पहिली लढाई आपल्याच नळदुर्गाला झाली. बोरी नदीवरचा पूल शत्रूने उडवून देण्याआधी धडधाकट हाती येणे आवश्यक होते, कारण रणगाडे आणि गाड्या त्याच वाटेने पुढे हैदराबादकडे जाणार होत्या. पूल हाती आला आणि पुढचा हल्ला दुसऱ्या शीख पलटणीने चढवला. त्या दिवशी बचित्तरसिंगांनी आपल्या तुकडीकडे येणाऱ्या शत्रूच्या दोन गाड्या धावून जाऊन ताब्यात घेतल्या, नंतर खंदकातून गोळीबार करणाऱ्या शत्रूवर हल्ला चढवला, आणि हलक्या मशीनगनच्या गोळ्या मांडीत घुसून खाली कोसळल्यावरही सरपटत पुढे जाऊन दोन हातबॉम्ब टाकले व ती मशीनगन बंद पाडली. त्यांना मागे नेऊ लागले तर त्यांनी नकार दिला आणि ठाणे हाती येईपर्यंत ते आपल्या जवानांना धीर देत राहिले. तिथेच त्यांचा अंत झाला.

सकाळी नऊच्या सुमारास रणगाडे जळकोटला होते आणि दुपारी तीन-सव्वातीनला उमरग्याला. ज्या रस्त्याने आपण एसटीच्या खिडकीसाठी भांडत उमरग्याला जात होतो, त्याच रस्त्याची ही गोष्ट आहे. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. पुढे ४ जानेवारी १९५२ ला अशोक चक्र हा सन्मान सुरू झाला आणि तो १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरला गेला. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत बचित्तरसिंग आहेत. त्याच १३ सप्टेंबरला तुंगभद्रेच्या पुलावर गुरखा पलटणीच्या नाईक नरबहादूर थापा यांनी उघड्या मैदानातून धावत जाऊन केवळ खुकरीने ब्रेनगनचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा, मोर्चा मोडला आणि त्यांनाही अशोक चक्र मिळाले. ते त्या लढाईतून वाचले, त्यामुळे त्यांचे नाव हुतात्म्यांच्या फळ्यावर नसते. पण पात्याची धार हेच ज्याचे पोट आहे, त्या माझ्यासारख्याला त्या खुकरीचा विसर पडणे शक्य नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. दुकान बंद ठेवले तर मी घरी झोपेन, जेवेन, दूरदर्शनवर लाल किल्ल्यावरचा सोहळा पाहीन, आणि तो दिवस माझ्या हातांना कळणारही नाही. मला येते ते काम एकच आहे, म्हणून द्यायचे तर तेच देतो. ऑगस्टच्या मध्याला खुरपणी सरत आलेली असते, मूग-उडदाच्या काढणीचे विळे यायला लागतात, कडबाकुट्टीची पाती येतात, घरच्या विळ्या आणि शिंप्यांच्या कात्र्या तर बारमाही. पैसे न घेता केलेले काम हलक्या हाताने उरकण्याचा मोह फार वाईट असतो. पाते चाकावर दाबून धरले की ते तापून निळे पडते, पोलादाचे पाणी उतरते, आणि वरून चकचकीत दिसणारा विळा दोन दिवसांत बोथट होतो. म्हणून त्या दिवशी मी मुलाला बजावतो की पाते घडीघडी पाण्यात बुडवायचे, कात्रीची आतली सपाट बाजू चाकाला लावायची नाही, आणि धार लावून झाल्यावर मागे वळलेली बारीक कड बारीक दगडावर काढल्याशिवाय वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही. वीरपत्नीच्या हातातली विळी पुढचे कित्येक महिने नीट चालली पाहिजे. नाहीतर आमच्या फळ्यावरच्या नावांना काय अर्थ उरेल?

काल मात्र एक वाद झाला. एक ओळखीचे गृहस्थ फळा वाचून रागावले आणि म्हणाले, आपल्या भागातले जवान धारातीर्थी पडलेले असताना पंजाबच्या माणसाचे नाव सगळ्यांच्या वर कशाला? आपल्या भागातली नावेही फळ्यावर होती, आणि तारखेच्या क्रमाने लिहिल्यामुळे ती खाली आली होती, हे मी त्यांना समजावत होतो. पण त्यांचा राग खोटा नव्हता. शेजारच्या गावांत तसे दुःख आहे आणि ते ताजे आहे. तेवढ्यात बाकावर विळी घेऊन बसलेल्या एका वीरमातेने विचारले, की हा मानूस हितला न्हवता, मग हितं कशापायी मेला? मी पुलाची हकीकत सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, “माजं लेकरू बी असंच लांब गेलं, तिकडं बर्फात. तितल्या एखाद्या दुकानदारानं त्याचं नाव असं लिवलं असंल का रं?”

मला उत्तर देता आले नाही. ते गृहस्थही काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी आपल्या कात्रीच्या मजुरीपेक्षा बरेच जास्त पैसे डब्यात टाकले. रात्रभर माझ्या मनात तोच प्रश्न होता, आणि त्यातूनच तुझ्याकडे एक मागणे मागावेसे वाटले.

तू लुधियानात आहेस. एखाद्या रविवारी लोपोला जा. गुरुद्वाऱ्यात किंवा पंचायतीत जे कोणी भेटतील त्यांना सांग की नळदुर्गात दर १५ ऑगस्टला बचित्तरसिंगांचे नाव लिहिले जाते आणि येणारी-जाणारी माणसे ते थांबून वाचतात. त्यांचे नाव गुरुमुखीत कसे लिहितात ते तिथल्याच एखाद्या जाणत्या माणसाकडून स्वच्छ अक्षरांत लिहून घे आणि मला पाठव. इथला पेंटर ते पाहून हुबेहूब काढील म्हणतो. यंदा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, खडूच्या फळ्याऐवजी पत्र्याची कायमची पाटी लावायचा विचार आहे, तेव्हा कागद त्याआधी पोहोचेल असे पाहा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच
बालमित्र