आमची फाइल पुन्हा उघडणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमची बदली झाल्याचं कळलं, म्हणून हे पत्र. नाव लिहीत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. तुम्ही आम्हाला जे शिकवलंत, ते अशा मुलाला वाढवणाऱ्या प्रत्येक घरापर्यंत पोचायला हवं.

तुमच्या टेबलापर्यंत आलो तेव्हा लेकाबद्दल आमच्याकडे नुसती विशेषणं होती. हट्टी, आक्रमक, बेशिस्त. शाळेच्या शेऱ्यांत तीच, नातेवाइकांच्या तोंडीही तीच. शाळेत त्याला मदत मिळावी म्हणून तुमच्या कार्यालयात केलेल्या अर्जात तीच उतरली होती आणि अर्ज परत आला होता. तुम्ही तो वाचलात, बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "शेवटचं त्याने कुणाला मारलं, त्याच्या आधी काय चाललं होतं?" तोवर आम्हाला पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते, पण हा कुणीच विचारला नव्हता.

मग ती वही सुरू झाली. तीन रकाने: आधी काय घडलं, त्याने काय केलं, त्यावर इतरांनी काय केलं. शेजारी वेळ, जागा, किती मिनिटं चाललं, आदल्या रात्री झोप कशी झाली. 'चिडला' असं लिहायचं नाही, 'वही फेकली, दाराला लाथ मारली' असं लिहायचं. डोळ्यांना दिसलं तेवढंच. तुमच्या शब्दाखातर वर्गशिक्षिकाही लिहू लागल्या. त्यांचेही आभार मला इथेच मानायचे आहेत, कारण भरलेल्या वर्गात हे लिहीत राहणं सोपं नसतं.

दोन्ही वह्या शेजारी ठेवून तुम्ही एका ओळीवर बोट ठेवलंत. फळ्यावरचं उतरवून घ्यायची वेळ आली की वही भिरकावली जायची. मग त्याला वर्गाबाहेर उभं करायचे आणि नको असलेलं काम आपोआप टळायचं. सगळे ज्याला शिक्षा म्हणत होते ती त्याच्यासाठी सुटका होती, आणि दर वेळी सुटका मिळाल्यामुळे वही फेकणं पक्कं होत चाललं होतं. वागणुकीवर शिक्का मारण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या, असाही आग्रह तुम्ही धरलात. ते ठीक निघाले. लिहिण्यातली अडचण मात्र पुढच्या तपासणीत स्पष्ट झाली. एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं त्या अवस्थेसाठी, घरी आणि शाळेत वेगवेगळी प्रश्नावली का भरून घेतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. त्या निदानासाठी लक्षणं वयाच्या 12 व्या वर्षाआधीपासून असावी लागतात आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. त्रास एकाच तासाला होत असेल, तर आधी त्या तासाकडे बघायचं.

पालक प्रशिक्षणासाठी पाठवलंत तेव्हा मी दुखावले होते. त्रास मुलाला आहे आणि वर्गात आम्ही बसायचं? तुम्ही शांतपणे सांगितलंत की लहान वयात पहिला उपचार बहुतेकदा हाच असतो, कारण मूल सर्वाधिक वेळ आमच्याबरोबर असतं. एक गोष्ट तर तुम्ही आधीच सांगून ठेवलीत: ओरडून हवं ते मिळणं बंद झालं की सुरुवातीला ओरडणं वाढतं. तेव्हा माघार घेतली, तर अजून जोरात ओरडायला हवं होतं एवढंच मूल शिकतं. हे ठाऊक नसतं तर आम्ही नक्की हात टेकले असते. ते वाढलं, आम्ही टिकलो, आणि हळूहळू ओसरलंही. आता नको असलेलं काम आलं की तो 'थांबायचं' लिहिलेलं कार्ड दाखवतो. थोडी विश्रांती घेतो आणि परत येऊन काम पुरं करतो.

अर्जाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माणसं तिथेच अडकतात. आपल्या लेकराचे सगळ्यात वाईट दिवस परक्या माणसासाठी कागदावर मांडायचे म्हणजे त्याची चहाडी केल्यासारखं वाटतं. मी ते दिवस झाकत होते, 'कधीकधी त्रास होतो' असं मोघम लिहीत होते. तुम्ही म्हणालात, तपासणाऱ्याला त्याच्याबद्दलची माया दिसत नाही, गरज दिसायला हवी: किती वेळा, किती वेळ, आणि त्या वेळी सांभाळायला किती माणसं लागतात. तरी ते लिहिताना माझा हात थरथरायचा. तेव्हा तुम्ही फाइलच्या अगदी वर एक कोरं पान लावलंत आणि तो काय करताना रमतो, कशाने शांत होतो, कुणाजवळ हसतो ते लिहायला लावलंत. त्या पानामुळे पुढचं सगळं लिहिता आलं.

नकार आला तर कारण लेखी मागायचं, अपिलाची मुदत विचारून घ्यायची, प्रत्येक कागदाची पोच आणि प्रत जपायची. हे सांगतानाच तुम्ही संयुक्त राष्ट्रांचे दोन करार काढून दाखवलेत: 1989 चा बालहक्क करार आणि 2006 चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार. पहिल्यातलं 23 वं कलम अपंगत्व असलेल्या मुलाच्या विशेष काळजीचं, दुसऱ्यातलं 24 वं शिक्षणाचं आणि त्यासाठी करायच्या सोयींचं. "तुम्ही उपकार मागायला आलेल्या नाही," म्हणालात. त्यानंतर त्या इमारतीत शिरताना माझी मान खाली गेली नाही.

दुसऱ्या अर्जावर मदत मंजूर झाली. लिहिण्यासाठी जादा वेळ, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी विशेष शिक्षिका, आणि शाळेबरोबर नियमित आढावा. राग अजून येतो. अवघड दिवस अजून उगवतात. पण आता शाळेतून फोन आला की बोलणं 'आधी काय झालं' इथून सुरू होतं.

नव्या कार्यालयात कुणी आईबाप परत आलेला अर्ज घेऊन आले, तर आमच्या वहीची पानं नाव झाकून खुशाल दाखवा. ते पहिलं पानसुद्धा. त्याबद्दल आम्ही लेकाला विचारलं. त्याने हो म्हटलं आहे, फक्त त्यातली एक ओळ आता जुनी झाली म्हणून स्वतः बदलून दिली आहे.

तुमची ऋणी,
एक आई