पहिले तीन महिने लपवायचं, आणि उलट्या त्याच तीन महिन्यांत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गरोदर बाईच्या उलट्या हा काय पेपरात लिहायचा विषय आहे का, असं आमच्या घरातच कुणीतरी म्हणालं. पण मला वाटतं लिहायलाच पाहिजे, कारण आमच्या हर्णै-पाजपंढरीच्या बाजूला, आणि मला खात्री आहे की खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्या किनाऱ्यावर, हा त्रास बायका निमूट अंगावर काढतात आणि कडक डोहाळे लागलेत एवढं बोलून घरचे मोकळे होतात.

मला मुख्य मुद्दा जो मांडायचाय तो हा, की आपल्याकडे दिवस गेले की तीन महिने कुणाला सांगायचं नाही अशी पद्धत आहे. नजर लागते म्हणा, किंवा पुढे काही कमीजास्त झालं तर चर्चा नको म्हणून म्हणा, कारण काहीही असो. आणि मळमळ-उलट्या नेमक्या कधी असतात तर सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात, नवव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतात आणि बहुतेक बायकांच्या चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत थांबतात. म्हणजे ज्या काळात तिला सगळ्यात जास्त मदत लागते त्याच काळात तिने कुणाला काही सांगायचं नाही, सगळी कामं रोजच्यासारखी करायची आणि मागच्या दारी जाऊन गुपचूप ओकून यायचं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात जी गरोदर मातांची खास तपासणी असते ती सुद्धा मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी आहे. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातल्या बाईने जायचं कुठे, आणि ती जाणार तरी कशी, घरात सांगितलेलंच नसेल तर.

माझ्या धाकट्या जावेचं मी जवळून बघितलंय. जन्मापासून मासळीत वाढलेली पोरगी, टोपलीभर कोळंबी गप्पा मारता मारता सोलणारी, तिला बांगड्याचा नुसता वास सहन होईना. बंदरावरून नवरा आला की त्याच्या कपड्यांचा वास, होडीच्या डिझेलचा वास, अंगणात वाळत घातलेल्या सुकटीचा वास, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोडणीचा. पदर नाकाला बांधून ती विळीवर बसायची, चार बांगडे साफ झाले की उठून पळायची, चूळ भरून परत येऊन बसायची. सासूबाईंना माहीत होतं पण शेजारीपाजारी कळायला नको म्हणून तिला कामातून काढायचं नाही, कारण काढलं की लोक विचारणार. अशा वेळी लोकांच्या विचारण्यापेक्षा त्या मुलीच्या पोटात पाणी राहतंय की नाही हे जास्त महत्त्वाचं आहे हे आपण कधी शिकणार?

तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं तर तिथे सांगितलं की सगळ्यांनाच होतं, गरोदरपण म्हणजे काय आजार नाही, आणि पित्ताच्या गोळ्या देऊन परत पाठवलं. वजन केलं नाही, लघवी तपासली नाही. आता हे खरंच आहे की दहातल्या सात-आठ बायकांना कमीजास्त मळमळ होतेच, आणि जुन्या बायका म्हणतात ना की उलट्या होतायत म्हणजे गर्भ चांगला धरलाय, त्यातही तथ्य आहे, ज्यांना मळमळ होते त्यांच्यात गर्भपाताचं प्रमाण थोडं कमी असतं असं संशोधनात दिसलंय. (ज्यांना अजिबात होत नाही त्यांनी घाबरायचं कारण नाही, त्यांचीही बाळं ठणठणीत असतात. आणि उलट्यांवरून मुलगा की मुलगी हे ओळखत बसणाऱ्यांनी तर ते बंदच करावं.) पण सगळ्यांना होतं म्हणून सगळ्यांचं सारखंच असतं असं नाही. शंभरात एक ते तीन बायकांना याचं इतकं तीव्र रूप होतं की वजन उतरतं, अंगातलं पाणी आणि क्षार संपतात, शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं आणि त्यातून तयार होणारे कीटोन लघवीत दिसतात. डॉक्टर त्याला हायपरएमेसिस म्हणतात. तिथे आलं-लिंबू चघळून भागत नाही, तिथे दवाखानाच लागतो.

माझ्या जावेचं तेच झालं होतं. शेवटी आमच्या आशाताईंनी चेहरा बघून ओळखलं, त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ओठ कोरडे, डोळे आत गेलेले, उभी राहिली की अंधारी येतेय. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे सकाळपासून लघवीला किती वेळा गेलीस आणि रंग कसा होता. कोऱ्या चहासारखा, असं ती म्हणाली तशी त्यांनी सरळ गाडी बोलवायला लावली. सरकारी रुग्णालयात ठेवून घेतलं, सलाईन लावलं, उलटीची इंजेक्शनं दिली, सोनोग्राफी केली, आणि दोन दिवसांत पोरगी पेज मागायला लागली.

म्हणून मला वाटतं या खुणा प्रत्येक घरात माहीत पाहिजेत, नुसत्या बाईला नाही तर नवऱ्याला आणि सासूला पण. दिवसभरात प्यालेलं पाणीसुद्धा पोटात राहत नाही, सात-आठ तास लघवी झाली नाही किंवा झाली ती अगदी गडद, उठताना चक्कर येते, उलटीत रक्त दिसतं, वजन उतरतंय (पन्नास किलोची बाई अडीच किलोने उतरली तरी ते गंभीर धरतात), यातलं एक जरी असलं तरी उद्यावर ढकलायचं नाही. ताप असेल, पोटात दुखत असेल, लघवीला जळजळ असेल, डोळे पिवळे दिसत असतील तर ते डोहाळे नव्हेत, दुसरं काहीतरी आहे, आणि आपल्याकडे पावसात कावीळ, मलेरिया, लेप्टो सगळंच असतं हे विसरू नये. पोटात जुळं असलं किंवा द्राक्षगर्भ (म्हणजे नीट गर्भाऐवजी द्राक्षांसारखे फोड वाढतात तो) असला तरी उलट्या फार होतात म्हणून सोनोग्राफी करायला सांगतात. आणि पहिले चार महिने बरे गेले आणि उलट्या नंतर नव्याने सुरू झाल्या तर ते वेगळं प्रकरण आहे, त्यात परत डोकं दुखणं, डोळ्यापुढे चमकणं, छातीखाली दुखणं असेल तर लगेच बीपी बघायला हवं.

अजून एक, खाजगीत जाऊन ग्लुकोजची बाटली चढवून घ्यायची आणि दुपारी परत यायचं ही आपल्याकडे फार सवय आहे. बरेच दिवस उलट्या झालेल्या बाईच्या अंगात बी1 जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी थायमिन, म्हणजे तेच बी1, देतात. तेव्हा बाटली लावताना किती दिवसांपासून काही पोटात नाही हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

गोळ्यांबद्दल तर इतकी भीती आहे की विचारू नका, बाळाला काही होईल म्हणून लिहून दिलेल्या गोळ्याही बायका डब्यात ठेवून देतात. भीती अगदी उगाच आलेली नाही. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध बाजारात आलं, अनेक देशांत ते गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं आणि दहा हजारांहून जास्त मुलं हातापायात व्यंग घेऊन जन्मली, 1961 मध्ये ते मागे घेतलं. पण आज जी गोळी सुरुवातीला देतात, डॉक्सिलामिन आणि बी6 जीवनसत्त्व एकत्र असलेली, तिची गोष्ट बरोबर उलटी आहे. अमेरिकेत ती 1983 मध्ये कोर्टकचेऱ्यांना कंटाळून कंपनीने बंद केली, त्यानंतर बाळांमधली व्यंगं काही कमी झाली नाहीत, उलट्यांसाठी दवाखान्यात भरती होणाऱ्या बायका मात्र वाढल्या, आणि 2013 मध्ये तिथल्या सरकारने तशाच गोळीला परत मान्यता दिली. गर्भारपणात इतका अभ्यास झालेली औषधं फार थोडी आहेत. तिने झोप येते, म्हणून बऱ्याचदा रात्री घ्यायला सांगतात, आणि उलटी आली की घ्यायची असं नाही तर रोज ठरल्या वेळी घ्यायची असते. अर्थात डॉक्टरांना विचारूनच, मेडिकलवाल्याला विचारून नाही.

हे सगळं मनाचं असतं, नखरे असतात, आमच्या वेळी आम्ही भाताची लावणी करत होतो, हे जे बोलणं आहे ते आता तरी थांबावं. डिसेंबर 2023 मध्ये केंब्रिजच्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचं संशोधन छापून आलं, त्यात दिसलं की वारेतून आणि गर्भाकडून जीडीएफ15 नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि ते मेंदूतल्या मळमळीच्या केंद्रावर काम करतं. ज्या बाईच्या अंगात गरोदर होण्याआधी ते कमी असतं तिला एकदम वाढल्यावर जास्त त्रास होतो. म्हणजे एकीला त्रास झाला नाही आणि दुसरीला झाला यात पहिली सोशिक आणि दुसरी नाजूक असं काही नाही, शरीराची घडणच वेगळी. संशोधन करणाऱ्यांतल्या मार्लेना फेजो यांना स्वतःला गरोदरपणात हाच त्रास इतका झाला होता की त्यांचं बाळ गेलं, आणि त्यानंतर त्या या विषयाच्या मागे लागल्या.

साधा त्रास असेल तर घरच्या घरी बरंच करता येतं, आणि त्यासाठी लागणारं बहुतेक सगळं आपल्या कोकणात दारातच आहे. पोट रिकामं ठेवायचं नाही हे सगळ्यात मोठं, रिकाम्या पोटी मळमळ वाढते. उशाशी डब्यात कुरमुरे, लाह्या, भाजलेले चणे काहीही कोरडं ठेवायचं आणि अंथरुणातून उठायच्या आधी दोन घास खायचे, मग थोडं पडून मग उठायचं. दर दोन तासांनी थोडं थोडं. जेवताना पाणी पिऊ नये, मधल्या वेळात घोट घोट प्यावं. गरम अन्नाचा वास जास्त येतो म्हणून गार खाल्लेलं बरं पडतं, आमच्या जावेला उकड्या तांदळाची पेज अगदी गार करून, मीठ घालून, वर चिमूटभर लोणच्याचा खार, एवढंच जायचं आणि तेवढ्याने ती तगली. कोकम सरबत, आवळ्याची फोड, आल्याचा तुकडा, शहाळ्याचं पाणी, जे जाईल ते. उलट्या झाल्या असतील तर ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नयेत, आम्लाने दात झिजतात, नुसती चूळ भरावी. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद करायची नाही, सकाळी जात नसेल तर रात्री घ्या. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून देतात, कुणी आधीच सुरू केल्या असतील आणि त्याने मळमळ वाढत असेल तर डॉक्टरांशी बोला. आणि बाळासाठी खा खा म्हणून पहिल्या तीन महिन्यांत जबरदस्ती करू नका, बाळ अजून बोटाएवढं आहे, आईच्या पोटात पाणी राहणं आधी बघा.

मासे मात्र दुसऱ्या कुणीतरी साफ करा आणि दुसऱ्या कुणीतरी तळा, एवढं घरातल्या माणसांनी करायला काय हरकत आहे. बोटीवर पुरुष स्वतः रांधून खातात, मग घरी दोन महिने तव्याजवळ उभं राहायला काय होतं. ज्या बायका काजूच्या कारखान्यात, मासळीच्या शेडमध्ये, शाळा-ऑफिसात कामाला जातात त्यांनाही माहीत असावं की मातृत्व लाभाच्या कायद्यात (आधी 1961 चा कायदा होता, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली), तो जिथे लागू आहे तिथे, बाळंतपणाच्या रजेव्यतिरिक्त गरोदरपणामुळे आलेल्या आजारासाठी डॉक्टरचा दाखला दिल्यावर महिनाभरापर्यंत पगारी रजा आहे. मागणाऱ्या फार कमी भेटतात, कारण परत तेच, मागायची तर सांगावं लागतं.

तेव्हा माझी विनंती आहे की गावाला सांगू नका, सोशल मीडियावर टाकू नका, पण पाळी चुकली की आशाताईंना आणि उपकेंद्राच्या नर्सबाईंना सांगा, नाव नोंदवा, वजन लिहून घ्या, म्हणजे नंतर उतरलं तर कळेल तरी. आणि आरोग्य खात्याला विनंती की उपकेंद्रावर लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या कायम असाव्यात, स्वस्त असतात आणि दोन मिनिटांत कळतं, आणि तिसऱ्या महिन्याच्या आतल्या बायकांसाठीही महिन्यातला एक दिवस ठेवावा. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी 102 ची गाडी फुकट असते हे आमच्या वाडीत निम्म्या घरांना माहीत नव्हतं, मी विचारून बघितलं. आपण आपल्या पेपरात वर लिहिलेल्या धोक्याच्या खुणा आणि हा नंबर चौकटीत छापलात तर कापून स्वयंपाकघरात चिकटवता येईल, आमच्या वाडीतल्या बायकांना मी स्वतः वाटेन.

आपली,
एक वाचक
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी