'प्लास्टिक पीपल'ची पहिली आठ वर्षं कुठे गेली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला 'चार्टर ७७'वरचा, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट राजवटीकडे मानवी हक्क मागणाऱ्या १९७७च्या जाहीरनाम्यावरचा लेख वाचला. नाटककार (आणि पुढे राष्ट्राध्यक्ष) हावेल, सह्यांची मोहीम, मानवी हक्कांची हमी देणारा हेलसिंकी करार, सगळं व्यवस्थित मांडलंय. पण ज्या झेक रॉक बँडच्या अटकेवरून हे रामायण घडलं, त्या 'द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स'ची अटकेआधीची आठ वर्षं लेखकाने दीड वाक्यात उरकली आहेत. त्या दीड वाक्यातही 'राजवटीविरुद्ध गाणी रचणारा बंडखोर बँड' असं म्हटलंय. ते काही पटलं नाही.

मी शेंद्रा एमआयडीसीतल्या मोटार कारखान्यात नोकरी केली. प्रशिक्षणासाठी कंपनीने मला झेक प्रजासत्ताकात म्लादा बोलेस्लावला धाडलं होतं. तिथला एक वयस्कर सहकारी या बँडचा जुना भक्त. त्याने दिलेली कॅसेट लावली तेव्हा आधी वाटलं, टेप खराब आहे. व्हायोला करवतीसारखा किरकिरतोय, सॅक्सोफोन भलतीकडेच चाललाय आणि गाणारा जणू किराणा मालाची यादी वाचतोय! पुढे मात्र कानाला चटक लागली. मग त्या सहकाऱ्याला प्रश्न विचारून आणि मिळेल ते वाचून मी बराच पिच्छा पुरवला.

ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. त्यानंतर महिनाभरात हा बँड सुरू झाला. काढणारा मिलान ह्लाव्सा सतरा वर्षांचा, खाटिककाम शिकलेला पोरगा. नाव घेतलं अमेरिकेच्या फ्रँक झापाच्या एका गाण्यावरून. डोक्यात 'व्हेल्वेट अंडरग्राउंड' या अमेरिकी बँडची गाणी. रणगाड्यांना उत्तर द्यायला ही मुलं जमली होती असं म्हणायला कुठे आधार सापडत नाही. त्या वयाची मुलं कुठेही जमतात तशी जमली. लवकरच इव्हान यिरोउस नावाचा कलासमीक्षक त्यांना येऊन मिळाला. वाद्य वाजवत नसे, पण बँडचं डोकं तोच. कुठे वाजवायचं, कुणापुढे झुकायचं नाही, हे तो ठरवायचा.

आता लेखात नसलेली मुख्य गोष्ट. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात पैसे घेऊन वाजवायचं तर सरकारी परवाना लागे. परीक्षकांपुढे वाजवून दाखवायचं. केस, कपडे, बँडचं नाव, गाण्यांची भाषा सगळं तपासलं जाई. परवाना असला की वाद्यं, अॅम्प्लिफायर, सरावाची जागा सरकारी एजन्सीकडून मिळे. १९७०मध्ये 'प्लास्टिक'चा परवाना गेला आणि त्याबरोबर सामानही परत गेलं. नाव बदला, केस कापा, सोपं काहीतरी वाजवा आणि मग परत या, असा सरळ रस्ता होता. त्या काळात कित्येक बँड त्या रस्त्याने गेले, आणि त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

ही मंडळी मात्र जंगलात झाडं तोडायला गेली. मजुरीच्या पैशातून सामान जमवू लागली. त्यांचा गिटारवाला योसेफ यानिचेक आधी मोटार मेकॅनिक होता. त्याने जुने ट्रान्झिस्टर रेडिओ उघडून त्यांच्या भागांतून अॅम्प्लिफायर बांधले. माझ्यासारख्या कारखान्यातल्या माणसाला सगळ्या कथेतला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. खिशात वाजणाऱ्या रेडिओच्या पोटातल्या मालावर हॉल भरेल एवढा आवाज काढायचा म्हणजे काय चीज आहे, हे ज्याने हातात सोल्डरिंग आयर्न धरलंय त्याला विचारा. त्यांच्या ध्वनीत तो जो खरखरीतपणा आहे, त्यातला थोडा यानिचेकच्या खात्यावर जमा करायला हरकत नाही.

वाजवायला जागा कशी मिळायची? यिरोउस कलावंतांच्या अधिकृत संघटनेचा सदस्य होता, व्याख्यानासाठी हॉल मागू शकत होता. विषय: अँडी वॉरहॉल, म्हणजे 'व्हेल्वेट अंडरग्राउंड'ला पाठीशी घालणारा अमेरिकी चित्रकार. चार स्लाइड दाखवायच्या, थोडं बोलायचं आणि मग 'व्हेल्वेट अंडरग्राउंड'ची गाणी कशी असतात त्याचं 'प्रात्यक्षिक' म्हणून बँडने तासन् तास वाजवायचं! आपल्याकडच्या आयोजकांनाही ही युक्ती आवडावी.

१९७२च्या सुमाराला सॅक्सोफोनवाला व्रातिस्लाव ब्राबेनेत्स आला. वयाने मोठा, जॅझमधून आलेला. त्याची अट होती की उसनी इंग्रजी गाणी बंद, आपली चाल आणि आपली झेक भाषा. मग बंदी असलेला कवी एगॉन बाँडी याच्या कवितांना ह्लाव्साने चाली लावल्या. त्या कवितांत घोषणा शोधाल तर हात हलवत परत याल. एक गाणं तर चक्क बद्धकोष्ठावर आहे. राजवटीला नेमकं काय झोंबलं असेल याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, विरोधकाला कसं हाताळायचं हे तिला ठाऊक होतं. जो तिच्याकडे बघतच नाही त्याचं काय करायचं, हे ठाऊक नव्हतं.

ही गाणी १९७४-७५च्या सुमाराला होउस्का नावाच्या जुन्या किल्ल्यात ध्वनिमुद्रित झाली. म्लादा बोलेस्लावपासून तो फार दूर नाही. सुट्टीच्या दिवशी मी बघून आलो. टेपा चोरून देशाबाहेर गेल्या आणि तबकडी १९७८मध्ये फ्रान्समधून निघाली.

तोवर मार खाऊन झाला होता. मार्च १९७४मध्ये चेस्के बुद्येयोव्हित्सेजवळच्या रुदोल्फोव्ह गावी कार्यक्रम ठरला होता. शेकडो मुलं आली. पोलिसांनी त्यांना स्टेशनकडे हाकलत नेलं, तिथल्या भुयारी वाटेत दंडुक्यांनी झोडपलं आणि प्रागच्या गाडीत कोंबलं. कित्येक विद्यार्थ्यांची नावं कॉलेजातून कमी झाली. मार्च १९७६च्या अटका, सप्टेंबरमधला खटला, यिरोउसला अठरा महिने आणि ब्राबेनेत्सला आठ महिने तुरुंग, हे तुमच्या लेखात आलेलंच आहे. आरोप मात्र राजद्रोहाचा नव्हता, शांतताभंग आणि हुल्लडबाजीचा होता, एवढं त्यात जोडायला हवं. हावेल खटल्याला जाऊन बसला तो म्हणूनच. सरकारविरोधी पुढाऱ्यांना शिक्षा होते हे त्याला नवं नव्हतं. इथे निव्वळ वाजवणाऱ्यांना होत होती.

आणखी एक नाव लेखात हवं होतं. पॉल विल्सन हा कॅनडाचा तरुण प्रागमध्ये इंग्रजी शिकवायला आला होता. गाण्यांचे शब्द नीट म्हणायला शिकवता शिकवता १९७० ते ७२ तो या बँडचा गायकच झाला. १९७७मध्ये त्याला देशाबाहेर काढलं. हावेलने तुरुंगातून बायकोला लिहिलेली पत्रं आपल्याकडच्या अनेकांनी इंग्रजीतून वाचली आहेत. त्यांचा अनुवाद करणारा पॉल विल्सन तो हाच.

आपला नियमित वाचक,
छत्रपती संभाजीनगर