कात्री कशात बुडवता?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात आमच्याकडच्या शेतकरी मेळाव्याचा फोटो आपण छापला आहे. त्यात तिसऱ्या रांगेत उजव्या कडेला जी पांढरी टोपी दिसते, ती माझी. फोटोखाली 'शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांना मार्गदर्शन केले' असं वाक्य आहे. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. दहाचा कार्यक्रम साडेअकराला सुरू झाला. व्यासपीठावरच्या अकरा जणांना शाल, फेटा, नारळ झाले, मग ज्यांना फेटा बांधला त्या प्रत्येकाचं भाषण. डाळिंबावर बोलायला आलेल्या शास्त्रज्ञ बाईंच्या हातात माईक आला तेव्हा मागच्या बाजूला जेवणाच्या पातेल्यांची झाकणं वाजायला लागली होती. दहा मिनिटं बोलल्या. ऐकायला आम्ही वीसेक जण उरलो होतो.

त्या दहा मिनिटांतलं एक वाक्य मला सात-आठ वर्षं आधी ऐकायला मिळालं असतं, तर माझी दीड एकर बाग वाचली असती.

मी मोहोळ तालुक्यातला. साडेतीन एकर भगवा जातीचं डाळिंब आणि पाच एकर कोरडवाहू ज्वारी. त्या साली मी मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुलं येतील असा हंगाम, धरला होता. पाऊस-दमटपणात तेल्या, हा डाळिंबाचा जिवाणूचा रोग, जोर करतो हे तेव्हाही माहीत होतं, पण मृगाला पाणी कमी विकत घ्यावं लागतं, म्हणून धरला. ऑगस्टात फळ लिंबाएवढं झालं आणि एका सकाळी सालीवर तेल सांडल्यासारखे डाग. पंधरा दिवसांत डाग काळे पडले, फळं इंग्रजी वाय अक्षरासारखी तडकली. दुकानदाराकडे गेलो. त्याने पान बघितलं नाही, फळ बघितलं नाही, चार बाटल्या काउंटरवर मांडल्या. "अण्णा, हे चारी एकत्र करून मारा, आठ दिवसांत दिसंल." आठ दिवसांत काय दिसायचं ते दिसलं. त्या मोसमात मी अकरा फवारण्या केल्या आणि माल खड्ड्यात पुरला. एका कार्यालयातही दोन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला गेले होते, दुसऱ्या खेपेला हातात रंगीत घडीपत्रिका मिळाली. तिच्यात जिवाणूचं लॅटिन नाव होतं, रसायनांची इंग्रजी नावं होती. बायकोने ती डब्याखाली अंथरली.

परवा मेळावा उठल्यावर त्या बाईंना गाठलं. सगळी कहाणी सांगितली. त्यांनी औषधाचं नावच काढलं नाही. विचारलं, "काका, छाटणी कोण करतं?" म्हटलं, टोळी येते बाहेरून. "आणि कात्री? एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना कात्री कशात बुडवता?"

कशातच नाही. बावीस वर्षं डाळिंब करतोय, कात्री कशात बुडवायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेल्याचा जिवाणू फांद्यांवरच्या जखमांत आणि खाली पडलेल्या पाल्यात टिकून राहतो. रोगट फांदी कापली की तो कात्रीच्या पात्याला लागतो आणि पुढच्या झाडाच्या ताज्या जखमेत उतरतो. टोळी एका गावातून दुसऱ्या गावात जाते, तीच कात्री घेऊन. म्हणजे रोजंदारी देऊन मीच रोग घरी आणला असणार. सोडियम हायपोक्लोराइटच्या अडीच टक्के द्रावणात दर झाडानंतर पातं बुडवायचं, कात्रीपुरता एवढाच उपाय. एका फवारणीच्या मानाने त्याचा खर्च काहीच नाही. दुकानदार हे का सांगत नाही, यावर मी फार विचार केला नाही. त्याचं पोट बाटलीवर आहे.

आता माझा मुद्दा. सोलापूर जिल्ह्यात संशोधनाची वाण नाही. पुणे रस्त्यावर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. आख्ख्या देशाचं डाळिंबाचं केंद्र आपल्या दाराशी आहे. तिथल्या 'सोलापूर लाल' या संकरित वाणात लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व नेहमीच्या डाळिंबापेक्षा जास्त आहे. कोरडवाहू शेतीवर सोलापुरात १९३३ पासून काम चाललंय. राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ सालचं, म्हणजे हे काम त्याच्याही पस्तीस वर्षं आधीचं. मोहोळला ज्वारीचं केंद्र आणि कृषी विज्ञान केंद्र आहे. सोलापूरच्या डाळिंबाला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं सगळं असताना शेतकऱ्याचा सल्लागार मात्र औषधाच्या काउंटरमागे उभा असतो.

पूर्वी असं नव्हतं असं म्हणायचा मोह होतो, पण पूर्वीचे साहेबही घोड्यावरून यायचे आणि घोड्यावरूनच जायचे, असं वडील सांगत. तरी काही गोष्टी बांधापर्यंत आल्याच. आज पुण्या-मुंबईत लोक ज्या मालदांडी ज्वारीची भाकरी मागून खातात, ती एम ३५-१ आमच्या मोहोळच्या केंद्रात निवडली गेली, १९३०च्या दशकात. गावरान मालदांडीतूनच चांगली कणसं निवडत निवडत काढलेली. तिची जाहिरात कुणी केली? कुणीच नाही. माझ्या आजोबांनी ती पाहुण्याकडून धोतराच्या पदरात बांधून आणली आणि पुढच्या साली बहिणीच्या सासरी पायलीभर दिली. दाणा मोत्यासारखा, भाकरी पांढरी, कडबा जनावर चवीनं खातं. बघितलं की पटतं. बियाणं आपल्या पायांनी चालत गेलं.

मात्र कात्री बुडवायची सवय अशी पदरात बांधून आणता येत नाही. ज्ञानाची ही जात वेगळी आहे. ते कुणीतरी बागेत येऊन, आपल्या झाडापाशी उभं राहून दाखवावं लागतं, आणि महिन्याभराने परत येऊन बघावं लागतं.

ज्वारीचंच घ्या. आमच्या पाच एकरांत तीन तऱ्हेची जमीन आहे. ओढ्याकाठी कमरेएवढी खोल काळी, मधे मध्यम, माळाकडे वीतभर मातीखाली मुरूम. आम्ही सगळीकडे एकच बियाणं टाकत आलो. विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण काढलेत: तीस सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या रानाला फुले अनुराधा, साठपर्यंतच्या मध्यमला फुले सुचित्रा, त्याहून भारीला फुले वसुधा, पाणी देणार असाल तर फुले रेवती. हे मला मुलाच्या मोबाइलवर कळलं, पण त्याच मोबाइलवर त्याच दिवशी 'एका एकरात शंभर क्विंटल' असाही व्हिडिओ आला होता. कोणता खरा ते ओळखायचं कसं? मी माळाच्या तुकड्यात अनुराधा टाकली. पाऊस नव्हता, शेजारच्याच्या ज्वारीचं कणीस पोटरीतच अडकलं, माझी निसवली, कणसं बाहेर आली. दाणे थोडे, पण घरची भाकरी आणि दोन जनावरांचा कडबा निघाला. शेजारी येऊन कणीस हातात धरून बघून गेला. यंदा तो माझ्याकडून बी मागतोय.

जुन्या संशोधनातली अशी पुष्कळ चांगली कामं आता मोडीत निघाली आहेत. आमच्या रब्बीचा सगळा खेळ मुरलेल्या पाण्यावर. सप्टेंबरातला पाऊस जमिनीत साठवायचा आणि त्यावर फेब्रुवारीपर्यंत पीक काढायचं. त्यासाठी पेरणीआधी उतार बघून दहा बाय दहा मीटरचे बंदिस्त वाफे करा, असं सोलापूरचं कोरडवाहू केंद्र सांगतं. पाण्याबरोबर माती जात नाही, पडलेला थेंब जागीच मुरतो. मग पेरणीला तीन आठवडे झाले की ओळींमधली माती हलवायला फटीचं कोळपं, पाचव्या आठवड्यात पासाचं, आठव्याला दातेरी, म्हणजे भेगा बुजतात आणि ओल उडत नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आमचे म्हातारे म्हणायचे, तेच शास्त्रज्ञ मोजून सांगतात. पण आता कोळप्याला बैल नाहीत, ट्रॅक्टरवाला वाफे करायला तयार नसतो कारण त्याचा वेळ जातो, आणि उजनीचं पाणी ज्याच्या शिवारात आलं तो ज्वारी सोडून उसाकडे गेला. त्याला मी दोष देत नाही, उसाला कारखाना हमखास आहे. पण ज्यांच्याकडे पाणी येणार नाही त्यांच्या मातीचं काय, हा प्रश्न मेळाव्यात कुणी विचारत नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. मेळाव्यात शास्त्रज्ञांना पहिल्यांदा बोलू द्या, फेटे नंतर बांधा. छाटणीच्या टोळ्यांनाच एक दिवस शिकवा, कारण एक टोळी शिकली की पन्नास बागा सांभाळल्या जातात. मालकाला शिकवून काय उपयोग, कात्री त्याच्या हातात नसते. आणि गावात शेतीखात्याचा जो माणूस येतो त्याच्यावरची कागदं कमी करा. आमच्याकडे येणारा पोरगा हुशार आहे, पण पंचनामे आणि अर्ज यांतून त्याला बांधावर यायला सवड नाही.

एक मागणी आपल्याकडे. आपल्या दैनिकात रोज सोन्याचा भाव असतो, राशिभविष्य असतं. आठवड्यातून एकदा चार इंच जागा द्या. या आठवड्यात डाळिंबाला काय, ज्वारीला काय, एवढंच, साध्या मराठीत, शास्त्रज्ञांकडून लिहून घेतलेलं. नमुना म्हणून, त्या बाईंनी मला जे सांगितलं ते देतो. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारायचं. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत, लोखंडी भांडं नको. मग दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत लाकडी काठीने ढवळायचं. झालं की त्यात स्वच्छ घासलेला विळा थोडा वेळ बुडवायचा. पात्यावर तांबूस रंग चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, चुन्याची निवळी वाढवायची आणि परत विळा बुडवून बघायचा. रंग चढला नाही तर त्याच दिवशी फवारायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. मी काल केलं. पहिल्यांदा विळा तांबडा निघाला. आजवर किती वेळा तसंच मारलं असेल, देव जाणे.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागा अपुरी पडली तर मेळाव्याचा भाग खुशाल कापा, विळ्याचा तेवढा ठेवा.

आपला,
एक डाळिंब उत्पादक वाचक
ता. मोहोळ, जि. सोलापूर