चाच्यांचा देव निराळा कशाला?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील अद्भुत कथांमधल्या काल्पनिक धर्मांवरील लेख आवडला. मात्र त्यात समुद्रावर जगणाऱ्या माणसांचा विषय एका वाक्यात उरकला आहे. चाच्यांचा देव म्हणजे खोल पाण्यातला, रक्त मागणारा राक्षस, हा साचा अशा कथांत इतका रुळला आहे की लुटणाऱ्याचा देव एक आणि लुटल्या जाणाऱ्याचा दुसरा, असे वाचकही धरून चालतात. माझा आक्षेप नेमका यालाच आहे, कारण वादळ दोघांनाही सारखेच गाठते.

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरची माझू ही देवी पाहा. मासेमार आणि व्यापारी तिला साकडे घालत, चाचेही घालत, आणि १६८३ मध्ये तैवान जिंकणाऱ्या, चीनच्या छिंग राजवटीच्या आरमाराच्या सेनापतीनेही यशाचे श्रेय तिलाच दिले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याच समुद्रात दरारा असलेला चांग पाओ हा चाच्यांचा म्होरक्या मोहिमेआधी जहाजावरच्या देवापुढे कौल लावत असे. पाठलाग करणारे आणि पळणारे एकाच मूर्तीपुढे उदबत्ती लावत असतील, तर तिने कुणाचे ऐकावे? कथेला याहून चांगला पेच कोणता हवा?

प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने वर्णन केलेले सिलिशियाचे (आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचे) चाचे तर देवळेच लुटत, आणि तरीही शेजारच्या लिशियातील ऑलिम्पस या गावी मिथ्रास या देवाचे गुप्त विधी करत. इ. स. पू. ६७ मध्ये रोमन सेनापती पॉम्पीने त्यांचा बीमोड केला. पुढे रोमन सैनिकांच्या छावण्यांत भक्तिभावाने पुजला गेला तो मिथ्रासच. (हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता, तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.)

रक्तपाताशिवायही भीती दाखवता येते. नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियाच्या, कथांमधली रान ही समुद्रदेवता बुडालेल्यांना जाळ्यात ओढते. तिथला एक दर्यावर्दी वादळात जहाज जाणार असे दिसताच हातातले सोन्याचे कडे तोडून त्याचे तुकडे सोबत्यांना वाटतो. रानच्या दारी कुणी रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. कडे त्याच्या प्रेयसीने दिलेले असते.

आपल्याकडे अद्भुत कथा लिहिणाऱ्यांनी बळीच्या वेदीचे पानभर वर्णन करण्याऐवजी एक साधा प्रसंग लिहून पाहावा, अशी माझी विनंती आहे. चाच्यांनी जहाज काबीज केले आहे, माल उतरवून झाला आहे, आणि सुकाणूजवळच्या कोनाड्यात त्यांच्याच देवीची मूर्ती सापडते. पुढचा दिवा अजून तेवतो आहे आणि त्यातले तेल संपत आले आहे. तेल कोण घालतो?

आपला,
एक नियमित वाचक