कच्चा विद्यार्थी की अवघड विषय?

पदवीच्या पहिल्या वर्षी मागे पडलेल्यांसाठी जादा तास लावले जातात. पण तिथे बसणे म्हणजे कपाळावर ‘कच्चा’ असा शिक्का. मग कोण फिरकणार? अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेने १९७३ मध्ये हे उलटे केले. अवघड ठरवायचा तो विषय, आणि सत्रे सर्वांना खुली. तो विषय चांगल्या गुणांनी पास झालेला सीनियर पुन्हा त्याच लेक्चर्सना बसतो, नोट्स काढतो आणि नंतर गटाकडूनच उदाहरणे सोडवून घेतो. (स्वतः फळ्याकडे न धावणे, हेच त्याला जड जात असावे!) मात्र त्याला प्रशिक्षण आणि मानधन हवेच. नुसत्या उत्साहावर चालणारे गट परीक्षेच्या तोंडावर बंद पडतात, कारण परीक्षा त्याचीही असते.

– एक निवृत्त प्राध्यापक