तुझे सात हजार तीनशे तीन रुपये आठ आणे

नौपाडा, ठाणे (प.)
जानेवारी २०२५

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू दर दोन वाक्यांनी "बरं, पुढे?" करतोस आणि मला हे मधलं काही न गाळता सांगायचंय. शिवाय यात एक गोष्ट अशी आहे, की ती तुझ्या तोंडावर बोलणं मला बत्तीस वर्षांत जमलेलं नाही.

गेल्या रविवारी मी महालक्ष्मीला रेसला गेलो होतो. एकटाच. आणि जिंकलो.

जिंकलो म्हणजे आपल्या भाषेतलं "परतभाडं सुटलं" असं नव्हे. खरोखरीचा जिंकलो.

सुरुवात मेगाब्लॉकने झाली. रविवारी मध्य रेल्वेवर जायचं म्हणजे घोड्यावर पैसे लावण्याआधीच एक जुगार खेळावा लागतो. फास्ट गाड्या स्लोच्या रुळांवर, मुलुंडच्या पुढे गाडी अशी उभी की आतल्या माणसाने डबा उघडून थेपले खाल्ले, हात धुतले आणि डुलकीही काढली. ठाण्याच्या फलाटावर उभा असताना मला नेहमीची गंमत आठवली. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी आली, तिला तीन इंजिनं होती: साहिब, सिंध आणि सुलतान. रेसबुकात छापली तर कुणाला संशय येणार नाही अशी नावं. तू म्हणायचास, "सुलतान विन, सिंध प्लेस." म्हणजे सुलतान पहिला, सिंध पहिल्या दोन-तिनांत. साहिबवर तुझा कधीच भरवसा नव्हता.

दादरला पूल ओलांडून पश्चिमेची स्लो पकडली. एल्फिन्स्टन आता प्रभादेवी झालंय, मग लोअर परळ, मग महालक्ष्मी. पोचलो तेव्हा तीन रेस उरकल्या होत्या. माझ्या नशिबाचं श्रेय कुणाला द्यायचं असेल तर पहिला हार मध्य रेल्वेला घाल. त्या तीन रेसमध्ये मी नेहमीसारखे निम्मे पैसे घालवले असते आणि पुढे जे झालं त्याला खिशात काही उरलं नसतं.

मैदान तू बघितलंस त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. बाहेरून तेच आहे. १८८३ साली मेलबर्नच्या कॉलफील्डचा नकाशा समोर ठेवून बांधलेलं, तेच लाकडी नक्षीचे स्टँड. पण आता त्याच्या पाठीमागे इतके टॉवर उभे राहिलेत की रेस संपत आली की अर्ध्या मैदानावर त्यांच्या सावल्या पडतात. गेल्या वर्षी नव्या कराराने १२० एकर महापालिकेकडे गेले, बागेसाठी. क्लबकडे ९१ राहिले. गर्दी पातळ झालीय. आपण जायचो तेव्हा गिरणीतून सुटलेले, गोदीतले, बाजारपेठेतले, सगळे रेलिंगला चिकटलेले असायचे आणि शेवटच्या दोनशे मीटरला कानाचे पडदे फाटायचे. आता बरीच मंडळी मोबाइलमध्ये बघतात. घोडा समोरून जातोय आणि माणूस मान खाली घालून तोच घोडा हातात बघतोय! मला त्याचा राग येतो, उगाचच.

चौथ्या रेसला शंभर रुपये लावले, फेव्हरिटवर. गेले. ते सोडून दे.

मग पाचव्या रेसच्या आधी पॅडॉकला जाऊन उभा राहिलो. खरं सांगतो, घोडे बघायला नाही, सावलीला गेलो होतो. तिथं मोतद्दार घोडे फिरवत होते आणि मला एकदम तुझ्या गल्लीतले टांगेवाले आजोबा आठवले. ज्यांच्याकडून तू ती विद्या शिकलास आणि मी ज्या विद्येची कायम टिंगल केली. "घोड्याची टाप बघ. चालताना मागच्या टापेचा ठसा पुढच्या टापेच्या ठशापुढे पडला पाहिजे. जेवढा पुढे, तेवढी पाठ मोकळी. घोडा पायाने पळत नाही, पाठीने पळतो." मी म्हणायचो, "मग टांग्याचा घोडा डर्बी का जिंकत नाही?" आणि तू गप्प बसायचास. माझं हिशोबनिसाचं डोकं, मला कागद लागायचा. कुठल्या घोड्याने किती अंतर किती सेकंदांत काढलं, पाठीवर किती किलो, जॉकी कोण. तुझं सगळं डोळ्यांत.

तर मी टापा बघायला लागलो. दहा घोडे होते. फेव्हरिट मोठा देखणा, पण मांड्यांच्या मधे घामाचा पांढरा फेस आलेला आणि मान सारखी झटकत होता. रेसच्या आधीच अर्धी रेस पळून झालेली. बाकीचे ठीकठाक. आणि पाच नंबरची एक कुमाईत घोडी, अंगाने लहानखुरी, मोतद्दाराच्या खांद्याला नाक लावून अशी चालली होती, जशी घरून डबा घेऊन निघालीय. मी वाळूत बघितलं. मागची टाप पुढच्या ठशाच्या चांगली वीतभर पुढे. दोन फेऱ्या बघितलं. तिसऱ्या फेरीला तर मी वाकूनच बसलो, तेव्हा शेजारच्या माणसाने विचारलं, "काय पडलं का?"

मग माझी पद्धत काढली. रेसबुक उघडलं. घोडीच्या पाठीवर फक्त ५१ किलो, जॉकी अ‍ॅप्रेंटिस. आजवर १२०० मीटर पळालेली, दोन्ही वेळा शेवटी शेवटी जोर धरलेला, पण अंतर संपून गेलेलं. आज १६०० मीटर. तुझी टाप आणि माझा कागद पहिल्यांदाच एकाच नंबरावर येऊन थांबले. नाव लिहीत नाही. लिहिलं तर तू तिचे आईबाप शोधत बसशील.

टोटच्या खिडकीवर दोनशे रुपये विन. आणि हात वळवळत होताच, म्हणून शेवटच्या तीन रेसचं ट्रेबल, म्हणजे तिन्ही रेसचे पहिले बरोबर आले तरच पैसे: पाचवीत ही घोडी, सहावीत सरळ फेव्हरिट, सातवीत तीन घोडे. सातवीचा पहिला घोडा, दोन नंबर, अभ्यास करून. दुसरा, सहा नंबर, जॉकी बघून. तिसरा सुचेना. माझ्या पुढे एक पारशी म्हातारबाबा होते, ते खिडकीत वाकून म्हणाले, "नऊ, नऊ." मीही म्हटलं, नऊ. इतकाच त्यामागचा विचार. तीन जोड्या, प्रत्येकी पन्नासच्या, दीडशे रुपये.

पाचवी रेस पावणेदोन मिनिटंसुद्धा चालली नाही, पण मला ती अजून दिसतेय. वळणाला घोडी आठवी. मी मनात तुला एक शिवी घातली. सरळ पट्ट्यावर आल्यावर फेव्हरिट पुढे, लाउडस्पीकरवर त्याचंच नाव. आणि मग बाहेरून, सगळ्यांना वळसा घालून, ते लहानसं अंग लांब होत गेलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. बाकीचे घोडे पाय आपटत होते, ही लांब होत होती. दीड लेंग्थने, म्हणजे दीड घोड्याच्या लांबीने, पहिली आली. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. विनचं डिव्हिडंड दहा रुपयांना १८३. दोनशेचे ३,६६० झाले.

तुला टोट आठवत असेलच, पण वहिनी हे पत्र वाचणार हे मला माहीत आहे, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. वहिनी, टोट म्हणजे एक हंडा. सगळ्यांचे पैसे त्यात पडतात, क्लबचा आणि सरकारचा वाटा आधी काढतात आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. ज्याच्या घोड्यावर कमी लोक, त्याला जास्त. म्हणजे घोड्याशी नाही, शेजाऱ्यांशी खेळायचं. वर आता लावलेल्या रकमेवर जीएसटी. यात शहाण्या माणसाचं काम नाही, हे तुम्ही १९९९ सालीच ओळखलंत.

सहावीत फेव्हरिट आरामात आला. मी बघितलासुद्धा नाही, चहा घेत होतो. चहाचा कप मात्र बशीवर वाजत होता.

सातवी. अभ्यास करून काढलेला दोन नंबर शेवटून पहिला. सहा नंबर गेटमधूनच नीट सुटला नाही. आणि नऊ नंबर चार नंबरला चिकटून, डोक्याला डोकं, शेवटचे शंभर मीटर दोघांत सूतभर अंतर नाही. रेषेवर कोण पुढे, कुणालाच कळलं नाही. "फोटो" जाहीर झालं.

दिग्या, त्या चार मिनिटांत मी काय काय केलं सांगू? आधी रेलिंग पुसलं, रुमालाने. मग कोपिनेश्वराला नारळ बोललो. मग आठवलं की रेस न खेळण्याची तुझी शपथ त्याच पिंडीवर हात ठेवून झालेली, तेव्हा हे देवस्थान या कामाला चालणार नाही. मग नारळ मागे घेतला. मग वाटलं, मागे घेतलेला नारळ अपशकुनी असतो, म्हणून परत बोललो. शेजारचा पोरगा छातीवर हात ठेवून "चार, चार, चार" म्हणत होता आणि त्याच्याकडे बघून मला अगदी मनापासून वाईट वाटलं, कारण मी त्याचं वाटोळं व्हावं अशीच प्रार्थना करत होतो.

नऊ. शॉर्ट हेडने.

ट्रेबलचं डिव्हिडंड दहाला २,९१४. पन्नासच्या जोडीचे १४,५७०. दहा हजारांच्या वर गेल्यामुळे ३० टक्के टीडीएस, पॅन नंबर लिहून दिला, ४,३७१ कापले, हातात १०,१९९. घोडा कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टाने १९९६ साली ठरवलंय. ते माझं ट्रेबल बघायला तिथे असते तर निकाल फिरवला असता. पारशीबाबांना शोधून आभार मानायला गेलो. ते चिडले होते. नऊवर त्यांनी फक्त प्लेस खेळलं होतं. "डिकरा, विन खेलवानी हिम्मत नई ती," म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

येताना गाडीत हात सारखा खिशावर. कुर्ल्याला एकाने वेळ विचारली तर मी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने दुसऱ्याला विचारली. ठाण्याला उतरून सरळ घरी गेलो नाही. तलावपाळीवर बसलो. मासुंदा तलावात दिव्यांची नक्षी, नावा फिरतायत, पोरं भेळ खातायत. वाटलं, कुणाला तरी सांगावं. हिला सांगायचं धाडस नव्हतं (सोमवारी सांगितलं, ती म्हणाली, "आणि आजवर गेलेले?" त्यावर येतोच). गडकरी रंगायतनच्या दिशेने बघत बसलो आणि आपण त्याच कठड्यावर एक शेंगदाण्याची पुडी दोघांत खायचो ते आठवलं. तेव्हा आपला करार होता: कुणीही जिंको, अर्धं अर्धं. कराराला मुदत घातलेली नव्हती, मी हिशोबनीस आहे, मला चांगलं आठवतं.

आणि तिथं बसून ती गोष्ट वर आली.

१९९३चा सीझन. तू काविळीने पडला होतास. मला पन्नासची नोट दिलीस, एका घोड्याचं नाव चिठ्ठीवर लिहून. संध्याकाळी मी आलो आणि सांगितलं, चौथा आला. दिग्या, तो पहिला आला होता. चौदाच्या भावाने. सातशे आणि तुझे पन्नास, साडेसातशे रुपये. मी का केलं ते मला सांगता येत नाही. त्या महिन्यात घरी पैशांची ओढ होती हे खरं, पण मागितले असते तर तू दिले असतेस, म्हणजे ते कारण नव्हे. जिन्यात होतो तोवर खरं सांगणार होतो. दार उघडल्यावर तोंडातून "चौथा" आलं. त्या पैशांचा मी टेबलफॅन घेतला. त्याच्या वाऱ्यात बसून तू पुढे दोन उन्हाळे माझ्याकडे रमी खेळलास आणि एकदा म्हणालास, "फॅन झकास आहे रे, कितीला पडला?"

आता हिशोब. माझ्या वहीत २०१३पासूनचा सगळा जमाखर्च आहे. रविवारच्या सकाळपर्यंत एकूण तोटा ४१,२८० होता. रविवारी आले १३,८५९. लावलेले पैसे, जीएसटी, प्रवेश, लोकल आणि चहा धरून खर्च ७५२. निव्वळ १३,१०७. म्हणजे तोटा उतरून २८,१७३वर आला. हिला हाच आकडा दाखवला. तोट्यात तुझा वाटा मागत नाही. नफ्यातला अर्धा ६,५५३ रुपये ५० पैसे. त्यात त्र्याण्णवचे ७५०. एकूण ७,३०३ रुपये आठ आणे. व्याज लावून बघितलं होतं, पण ते बघून मला चहा घ्यावा लागला, म्हणून खोडलं.

हे पैसे मी फोनवरून पाठवणार नाही. पाकिटात घालून कपाटात ठेवलेत, वर तुझं नाव घातलंय. आठ आणे मात्र कुठे मिळेनात, ते तेवढे तोंडी.

तू इथे ये. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी डर्बी आहे, २४०० मीटर. १९४३ साली पहिली डर्बी एका घोडीनेच जिंकली होती, प्रिन्सेस ब्यूटिफुलने, तीही बडोद्याच्या महाराजांची, हे तूच मला ऐकवायचास. शनिवारी रात्री नाशिकहून निघ. सकाळी मामलेदारची मिसळ खाऊ, तू तिखट घे, मी मध्यम. मग जाऊ. शपथ खेळण्याची होती, बघण्याची नव्हती, वहिनींना विचार. तू नुसता पॅडॉकला उभा राहा, टापा बघ आणि घोडा दिसला की मला कोपराने ढोस.

आणि रागावला असलास तरी ये. मग आधी भांडू, नंतर मिसळ.

तुझा,
मध्या

ता. क.: टेबलफॅन अजून चालतो. मान फक्त डावीकडेच वळते.